उणीवमान शून्य

कर्ली खाडीवर जुलै महिन्यात दिवसाला सरासरी तीन तासांचं ऊन मिळतं.

०

सुरमई उणे अठरा अंशांवर ठेवली तर चार महिने टिकते. उणे पाचवर ठेवली तर पंधरा दिवसांत तिला वास यायला लागतो.

०

पाहुणा पहिल्यांदा नको म्हणाला तर वाढायचं. दुसऱ्यांदा म्हणाला तरी वाढायचं. ताटावर आडवा हात धरला, तरच थांबायचं.

०

होडी लाटेवर कलली की सरळ व्हायला काही सेकंद घेते. छपरावर वजन वाढवलं की हे सेकंद वाढतात. घड्याळ लावून मोजता येतात.

०

प्रश्न १४ : घरात कोणी आजारी आहे काय?
उत्तर : माका काय झाला नाय.
(उत्तर देणाऱ्या व्यक्तीचं वय ७१.)

०

घाम वाळला तरच अंग गार होतं.

०

"आता बोंब मारूक शिकवतत म्हणे. सरकारी बोंब!"

०

हे सगळं ऋजुता केळुसकरच्या एकाच वहीत आहे. ज्या क्रमाने तिने लिहिलं, त्या क्रमाने ते घडलं नव्हतं.

ऋजुता सौर अभियंता होती. गेली नऊ वर्षं तिचं एकच काम होतं, कुठल्या होडीला किती पॅनेल आणि किती बॅटरी लागेल ते ठरवणं. समुद्र आणि खाडी यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी २०५९च्या उधाणात दोनदा तुटली आणि तिसऱ्यांदा बुडाली. तिच्यावरची तीनशे चाळीस कुटुंबं आता खाडीत नांगरलेल्या होड्यांवर राहत होती. अकरा मीटर लांब होडी, मधे दोन खोल्या, मागे मोरी, पुढे बसायला फळी. किनाऱ्यावरून वीज आणायचा प्रयत्न दोन वेळा झाला आणि दोन्ही वेळा वादळाने तारा ओढून नेल्या. मग ठरलं, की प्रत्येक होडीने आपली वीज आपल्या छपरावर पिकवायची. आणखी दोनशे बारा कुटुंबं कुडाळजवळच्या छावणीत आपल्या होडीची वाट बघत होती.

मे महिन्यात ऋजुता कुबलांच्या होडीवर गेली. होडी नवी होती, रंगाचा वास अजून गेला नव्हता. घरात तिघं. साईराज कुबल मासे गोठवून हॉटेलांना पुरवायचा. त्याची बायको ओवी. आणि साईराजची आई मयुरी, जिला ओवी 'आये' म्हणायची.

मयुरीने ऋजुताला बघताच आपल्या खाटेवरून उठून जागा दिली. "बस गो बाय हयसर. गार आसा."

ती गारखाट होती. वस्तीत प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला अशी एक खाट मिळत असे. दिसायला साधी गादी, पण आत बारीक नळ्यांतून थंड केलेलं पाणी फिरतं. आवाज अजिबात नाही. ऋजुता बसली आणि तिच्या पाठीतला दिवसभराचा उन्हाळा दोन मिनिटांत उतरला. मयुरी समोरच्या लाकडी फळीवर बसली.

"तुम्ही बसा ना इथे."

"माका काय नको. मी बसलंय मा." मग ओवीकडे वळून, "नावान केळुसकर, पण बोलणा बग गो पुण्याचा."

ओवी हसली आणि तिने विजेच्या वस्तूंची यादी पुढे केली. "ह्या घेवा. आता किती पॅनेल लावतलास ता सांगा."

"जेवायला किती माणसं हे कळल्याशिवाय तांदूळ वैरता येत नाहीत, हो की नाही? ही यादी म्हणजे जेवणारी माणसं. तुमचा फ्रीझर दिवसाला अडीच युनिट खातो. शेगडी दीड. आईंची खाट एक युनिट आणि वर दोनशे. पंखे, दिवे, पंप, टीव्ही. बेरीज सहा युनिट चारशे, म्हणजे सहा हजार चारशे वॅट-तास."

"बरा."

"आता चूल किती वेळ पेटते ते बघायचं. हिशेब वर्षातल्या सगळ्यात वाईट महिन्याचा धरायचा. जुलैत ऊन तीन तास. सहा हजार चारशेला तीनने भागलं, वायरीत आणि बॅटरीत सांडतं त्याची भर घातली, की अठ्ठावीसशे वॅटची पॅनेलं होतात."

"मगे लावा."

"छपरावर अठराशेचीच मावतात."

"जरा भायर काडा."

"बाहेर काढली की वारा धरतात. पहिल्या वर्षी एकाने काढली होती. होडी उलटली."

"मगे बॅटरी मोठी देवा."

"बॅटरी म्हणजे डबा, ओवी. डब्यात काही शिजत नाही, उरलेलं राहतं. अडीच दिवस ढग आले तर पुरेल एवढा डबा मी देतेच. पण अठराशेच्या चुलीवर दिवसाला चार युनिटंच शिजतात."

"नि आमी खाताव सहा."

"तुम्ही सहा खाता असं यादी म्हणते," ऋजुता म्हणाली. "ते खरं किती, हे शोधायला ही पेटी आणलीय."

०

पेटी तिने स्वतः बनवली होती, सात वर्षांपूर्वी.

तिच्या आधीचे अभियंते याद्यांवर विश्वास ठेवत. याद्या नेहमी चुकायच्या. लोक घरात काय आहे ते लिहितात. त्यातलं काय नसलं तर अडेल, ते त्यांचं त्यांनाच माहीत नसतं. ऋजुताने विचार केला, की मग विचारायचंच कशाला? काढून घेऊन बघावं. पेटी पंधरा दिवस होडीवर राहते. दिवसातून कितीतरी वेळा ती एखादं यंत्र न सांगता थोड्या वेळासाठी बंद करते आणि कान देऊन बसते. कुणी बटणाकडे गेलं का? कुणी ओरडलं का? किती सेकंदांनी? यावरून प्रत्येक यंत्राला शून्य ते शंभरमधला एक आकडा मिळतो. त्या आकड्याला तिने नाव दिलं होतं उणीवमान. तापमानासारखंच, पण एखादी वस्तू नसल्याची झळ किती लागते ते सांगणारं.

उणीवमानाचा उपयोग दोन ठिकाणी व्हायचा. पॅनेल-बॅटरीचा हिशेब त्यावर व्हायचा. आणि ढगांच्या दिवसांत बॅटरी उतरायला लागली, की कुठलं यंत्र आधी बंद करायचं याचा क्रमही त्यावरूनच लागायचा.

पद्धत चालली. उत्तम चालली. ज्या होड्यांत सहा युनिटांशिवाय भागत नाही असं लोक शपथेवर सांगायचे, त्या चारमध्ये बसल्या. पेटी नसती तर वस्तीतल्या निम्म्या होड्यांना मोठं छप्पर लागलं असतं, आणि तेवढी कुटुंबं आजही छावणीत असती. दुसऱ्या राज्यांतले लोक ती बघायला यायचे. त्यांना ती एक वाक्य सांगायची. "माणूस तोंडाने खोटं बोलेल, पण गैरसोय झाल्यावर गप्प बसणार नाही."

कुबलांच्या होडीचे आकडे पंधराव्या दिवशी आले.

फ्रीझर ९६. साईराज सरासरी वीस सेकंदांत ओरडलेला.
शेगडी ९१.
पंप ८३.
टीव्ही ५२.
ओवीचा पंखा ६०.
गारखाट ०.

ऋजुताने शून्यावर बोट ठेवून ओवीला विचारलं होतं. ओवी म्हणाली, "आयेक नाय लागना काय. ती कदी काय मागूचीच नाय." ऋजुताने मयुरीलाही विचारलं होतं. मयुरी म्हणाली, "पोरांका पुरांदे आदी." प्रश्न चौदाचं उत्तर तिने तेव्हाच दिलं.

हिशेबात सहा युनिट चारशेमधून दोन युनिट चारशे कमी करायची होती. त्यातली निम्मी एकट्या खाटेने दिली. बेरीज बरोबर चार झाली. ऋजुताला तेव्हा बरं वाटलं होतं.

०

ऑगस्टमध्ये तीन दिवस पाऊस नव्हता, वारा नव्हता आणि आभाळही उघडत नव्हतं. अशा दिवसांना वस्तीत 'घामट' म्हणतात. शरीर स्वतःला गार ठेवतं ते घामाने. घाम हवेत उडून जाताना अंगातली उष्णता घेऊन जातो. पण हवाच पाण्याने भरलेली असेल तर घाम उडत नाही, नुसता ओघळतो. तेव्हा पंखाही उपयोगाचा नसतो, कारण तो तीच ओली हवा अंगावर टाकतो. तरुण माणूस सावलीत पडून हे काढतो. म्हाताऱ्या माणसाचं हृदय अंगातली उष्णता बाहेर फेकण्यासाठी धावत राहतं आणि थकतं. गारखाट याच दिवसांसाठी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी बॅटरी ठरलेल्या रेषेखाली गेली आणि यंत्रणेने क्रमाप्रमाणे पहिली वस्तू बंद केली.

तिसऱ्या दिवशी दुपारी ओवी शेगडीशी होती. साईराज फ्रीझरमध्ये चाळीस किलो सुरमई रचून किनाऱ्यावर गेला होता. आये आपल्या खाटेवर पडली होती. ओवीने तिथूनच विचारलं, "आये, बरा मा?"

"बरा आसा गो. तू जेवन घे."

ओवी जेवली. भांडी घासली. तीन वाजता चहा घेऊन गेली, तेव्हा खाट तिच्या हाताला गरम लागली.

डॉक्टरांनी कागदावर उष्माघात लिहिलं. वस्तीत सगळे म्हणाले, वय झालं होतं. कोणी कोणाला दोष दिला नाही.

साईराजने ती सुरमई विकली नाही आणि फेकलीही नाही. फ्रीझर चालू होता.

०

ऋजुताने कुबलांच्या यंत्रणेची नोंद उघडली. तिला चूक सापडायला हवी होती. वायर सैल असावी, सेन्सर बिघडलेला असावा, काहीही. चूक नव्हती. यंत्रणेने ठरलेल्या वेळी ठरलेली वस्तू बंद केली होती. खाट बंद होती त्या तीस तासांत बॅटरी एकदाही वीस टक्क्यांखाली गेली नव्हती. हिशेब बरोबर होता.

मग तिने बाकीच्या होड्या उघडल्या, एकेक करून, सगळ्या तीनशे चाळीस. आणि पहिल्यांदाच आकडे यंत्राऐवजी ती यंत्रं वापरणाऱ्या माणसांप्रमाणे लावले.

जवळजवळ प्रत्येक होडीत एक माणूस शून्यावर होतं.

कुठे खाट, कुठे दिवा, कुठे गुडघ्याला शेक द्यायची पट्टी. बंद झाली की ते माणूस हातपंखा घ्यायचं, खिडकीशी सरकायचं, किंवा नुसतं बसून राहायचं. पेटी कान देऊन असायची आणि तिला काही ऐकू यायचं नाही. बहुतेक बायका होत्या. काही म्हातारे पुरुषही. एक घरजावई होता.

ऋजुताने बेरीज केली. तीनशे चाळीस छपरांवर जी जागा कमी पडत होती, ती या माणसांनी भरून काढली होती. तिची पद्धत त्यांच्यामुळे चालली होती.

तिने वहीत लिहिलं, पाहुणा ताटावर आडवा हात धरेपर्यंत वाढायचं असतं. हे तिला लहानपणापासून माहीत होतं. आजोळी प्रत्येक पंगतीत तिने पाहिलं होतं. या मुलखात पहिल्या 'नको'ला काही अर्थ नसतो, त्याच्यापुढे आग्रह करायचा असतो. आणि तिने असं यंत्र बनवलं होतं, जे पहिला नको ऐकून ताट उचलत होतं.

०

सप्टेंबरमध्ये तिने दोन गोष्टी केल्या.

पहिली, सगळ्या म्हाताऱ्यांना पुढच्या फळीवर जमवून शिकवणं. वस्तू बंद झाली की ओरडायचं, एवढंच. दर आठवड्याला पाच-सहा होड्या. पेटी मधोमध ठेवलेली.

"मी पंखा बंद करते. तुम्ही मोठ्याने म्हणायचं, माका होया! चला."

पंखा बंद झाला. सहा बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"तू म्हण गो स्नेहल."

"मी कित्याक? तू मोठी."

"काकू, कोणीतरी म्हणा," ऋजुता म्हणाली.

"माका..." स्नेहल मोंडकर म्हणाल्या आणि पदर तोंडावर घेऊन हसत सुटल्या. बाकीच्याही हसल्या. "शी! भिकारणीसारख्या वाटता गो!"

इतक्यात पलीकडच्या होडीत कुठेतरी मिक्सर मधेच थांबला. स्नेहल मोंडकर ताडकन उठल्या, कठड्यावर वाकल्या आणि खाडीच्या दोन्ही काठांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "अरे मेल्यांनो, सुनेचो मिक्सर बंद पडलो! चटणी रवली तिची!"

पेटीने नोंद केली, चार सेकंद, तीव्रता कमाल. दुसऱ्यासाठी त्या शंभर होत्या.

दुसरी गोष्ट नियमाची. यापुढे गारखाटीचं उणीवमान किमान नव्वद धरायचं, चाचणीत काहीही येवो. हे ऋजुताला सोपं आणि पुरेसं वाटलं. पण खाट वाचवली की छपरावरची जागा पुन्हा कमी पडत होती, आणि ती कोणाकडून तरी यायला हवी होती. नव्या चाचण्या झाल्या तेव्हा आकडे आले. शून्य नाहीसं झालं नव्हतं. ते घरातल्या पुढच्या माणसाकडे सरकलं होतं. इतरांना पुरावं म्हणून आता ते माणूस ओरडत नव्हतं.

कुबलांच्या होडीत आता खाट नव्हती आणि माणसं दोन होती. तिथे ते ओवीकडे गेलं होतं. मे महिन्यात साठ असलेला तिचा पंखा शून्यावर होता. पंधरा दिवसांत तो एकतीस वेळा बंद झाला. ओवीने एकदाही मान वर केली नाही.

०

आकडे घेऊन ऋजुता तिच्याकडे गेली. सकाळची वेळ होती. ओवी फळीवर बसून जाळं विणत होती आणि तिच्या कपाळावरून घाम हनुवटीपर्यंत येत होता. पंखा बंद होता.

"ओवी, पंखा का नाही लावला?"

"लागना नाय माका."

"मे महिन्यात एका मिनिटात ओरडायचीस."

"तेवा ओरडलय, म्हणान तर माजो पंखो चालू रवलो." ओवीने दोरा दातांनी तोडला. "नि आयेची खाट बंद झाली. तुमच्या यंत्रान आवाज मोजलो, मगे ज्येचो मोठो ता ऱ्हवला. बरोबर मा?"

"यंत्राची चूक आहे. माझी आहे."

"तुमची कशी? तुमी दोन वेळ येवन गेलात. मी चौदा वर्सां तिच्यावांगडा ऱ्हवलय. ती कदी आपणासून वाडून घेतल्यान नाय, ता काय माका म्हायत नव्हता?" तिने जाळं खाली ठेवलं. "नि साईराजाक कोणी तरी सांगा. तो ती सुरमई काय भायर काडना नाय. मी बोललय तर गप बसता."

ऋजुता तिच्याजवळ फळीवर बसली. पाण्याचा चपचप आवाज येत होता.

"मॅडम, एक विचारू? खरा सांगशात?"

"विचार."

"तुमची पेटी सगळा ऐकता. त्या पंदरा दिसांत आयेन कदी हाक मारल्यान? एकदा तरी?" ती ऋजुताकडे बघत नव्हती. "मारल्यान नाय असात, तर मी म्हणान तिचो स्वभावच तसो. तेच्यार मी जगान. पण मारल्यान असात नि मी हयसरच असून माका ऐकाक इला नसात, तर..."

तिने जाळं परत उचललं.

ऋजुताच्या मांडीवर नोंदींचा संच होता. कुबलांच्या होडीचं प्रत्येक पान तिने इतक्या वेळा वाचलं होतं, की आकडे तिला पाठ झाले होते. काही तिने पहिल्यांदा वाचले तेव्हा मे महिना होता. पुढच्या महिन्यात छावणीतल्या दोनशे बारा कुटुंबांसाठी नव्या होड्या येणार होत्या आणि त्यांचा हिशेब याच पेटीने व्हायचा होता. दुसरी पद्धत अजून कुणाकडे नव्हती.

"नाही," ती म्हणाली. "एकदाही नाही."

ओवीने डोळे मिटले. तिचे खांदे खाली आले. मग ती रडली, पण जसं मोकळं झाल्यावर रडतात तसं. ऋजुताने तिच्या पाठीवर हात ठेवला. हे उत्तर आपण ओवीसाठी दिलं असं तिला वाटत होतं. हात ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपलेही खांदे खाली आले आहेत.

जाताना तिने ओवीचा पंखा लावून दिला.

०

मे महिन्यातल्या चाचणीच्या नवव्या दिवशी, दुपारी दोन वाजून अकरा मिनिटांनी, गारखाट बंद झाल्यावर मयुरी कुबल यांनी "बंद झाली काय गो?" असं एकदा विचारलं होतं. पंधरा दिवसांत नोंद एकच असेल तर ती हिशेबात धरायची नाही, असा नियम होता, आणि तो ऋजुता केळुसकरने लिहिला होता.